रिकाम्या ग्लासातला वास

१

रविवारी सकाळी आमच्या घरी बाटली उघडते. हे ऐकल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "सकाळी सकाळी?" असं विचारणाऱ्याला मी सांगतो, बाबा रे, आम्ही ढोसत नाही, हुंगतो. आणि नाक सकाळीच ताजं असतं. एकदा पोटात जेवण गेलं की तेही सुस्तावतं. बायकोला हे कधीच पटलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर बसते, लोकांचे कपडे शिवते, आणि आमच्या गप्पा रंगल्या की मशीन मुद्दाम जरा जोरात चालवते.

आम्ही तिघं. माझं चष्म्याचं दुकान आहे. दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. मी त्याला दातपाड्या म्हणतो, तो मला चष्मेवाल्या म्हणतो, आणि इतक्या वर्षांत दोघांनाही दुसरी हाक सुचलेली नाही. तिसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो घरं रंगवायची कंत्राटं घेतो, आणि फुकटची मिळते म्हणून आमच्याकडे येतो. हे मी म्हणत नाही, त्याची सख्खी बहीण म्हणते.

माझा नाद जरा वेगळा आहे. मोठ्या कंपन्या पुष्कळ पिंपं एकत्र ओतून व्हिस्की बनवतात, म्हणजे कुठलीही बाटली उघडा, चव तीच. मला त्यात काडीचा रस नाही. काही छोटे व्यापारी स्कॉटलंडमधल्या एखाद्या डिस्टिलरीकडून एकच पिंप विकत घेतात. त्यात दुसरं काही मिसळत नाहीत, पाणीसुद्धा नाही. जेवढी निघेल तेवढी बाटल्यांत भरतात आणि स्वतःच्या नावानं विकतात. पिंप संपलं की विषय संपला, ती चव पुन्हा या जन्मात नाही. माझ्या कपाटात अशाच बाटल्या आहेत. बायको त्याला सवतीचं कपाट म्हणते.

आमच्या टेबलाचा नियम एकच, आणि तो माझाच. नाकाला जे सापडेल ते तोंडानं बोलायचं. कितीही वेडगळ वाटो, मनात ठेवायचं नाही. आणि दुसरी सवय म्हणजे हुंगून झाल्यावर ग्लास लगेच धुवायचा नाही. वर बशी झाकून खिडकीत ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलेल्या ग्लासाला जो वास येतो तो भरल्या ग्लासालाही येत नाही. यावरून आमच्याकडे दर सोमवारी खटका उडतो. "उष्टी भांडी रात्रभर ठेवायची ही कुठली रीत?" असं बायको म्हणते. एकदा मी तिला म्हटलं, हुंगून तर बघ. तिनं हुंगलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "खोकल्याचं औषध." तेव्हापासून मी तिला चिडवत आलोय, की तुझ्या नाकाला सगळं जग खोकल्याचं औषध आहे. तीही मला सोडत नाही. जीभ बिघडू नये म्हणून मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, त्यावरून तिचे टोमणे कायम चालू असतात. "तुमचा काढा झालाय, या," अशी हाक मारते.

तर त्या रविवारी मी नवी बाटली काढली. लेबलावर पिंपाचा नंबर होता, डिस्टिलरीचं नाव नव्हतं. कधीकधी नाव छापायची परवानगी नसते, त्यात काही विशेष नाही. विकणाऱ्यानं मला सांगितलं होतं, की कुणी एकट्या राहणाऱ्या बाई घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरात पिणारं कुणीच नाही, कधी नव्हतंच, तरी ही बाटली कपाटात कशी आली ते त्यांना कळेना. मी हसलो होतो. मला वाटलं, स्वस्तात मिळाली.

नेमकी मला सर्दी झालेली. ग्लासात नाक घातलं तरी काही कळेना, माझा नुसता जीव जळत होता. दातपाड्यानं ग्लास फिरवला, हुंगला आणि म्हणाला, "ओला कुत्रा!"

आम्ही हसलो. व्हिस्कीच्या नादात ओला कुत्रा हा शब्द नेहमीचाच आहे. पण तो हसला नाही. "नाही रे, तसा नाही. हा आमच्या बोक्याचा वास आहे. पावसात भिजून आला आणि पायरीवर अंग झटकलं की येतो ना, तोच. त्याच्या कानामागचा." बोक्या हा त्याचा कुत्रा. एकटा माणूस, घरात तो आणि बोक्या.

मेहुण्यानं हुंगलं आणि ग्लास खाली ठेवून पुन्हा उचलला. मग म्हणाला, "दाजी, आमच्या दादांची ट्रंक. झाकण उघडलं की यायचा तो वास. तंबाखू, कापूर, आणि तो जुना कोट." त्याचे डोळे भरून आले होते. आतल्या खोलीत मशीन थांबलं. दादा म्हणजे माझे सासरे. त्यांची ती ट्रंक आमच्याच झोपायच्या खोलीत, खिडकीखाली होती.

मला मात्र काहीच सापडलं नाही. मी चरफडत बूच लावलं.

२

त्याच आठवड्यात कपाट पुसताना मी बाटली हातात घेतली आणि थबकलो. रविवारी आम्ही तिघांनी ओतून घेतल्यावर व्हिस्की बाटलीच्या खांद्याखाली उतरली होती. हे मी पाहिलं होतं, कारण बाटली कितीही स्वस्तात मिळो, कमी होताना मी ती डोळ्यांनी मोजत असतो. आता ती परत वर, मानेपर्यंत आली होती.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? घरातल्या माणसावर संशय घेतो. मी मशीनच्या खोलीत गेलो.

"अगं, खरं सांग, मी चिडणार नाही. कपाट आवरताना यातली थोडी सांडली का?"

"कशातली?"

"या बाटलीतली. आणि मग मला कळू नये म्हणून तू वरून कोरा चहा ओतलास का? रंग जुळतो म्हणून विचारतो."

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "तुमच्या सवतीला मी चहा पाजू? पाजायचंच असतं तर फिनेल पाजलं असतं."

"तसं नाही गं..."

"इतक्या वर्षांच्या संसारात हेच ऐकायचं राहिलं होतं. चहा चोरून ओतते म्हणे!" आणि मशीन असं सुरू झालं की पुढचं बोलणंच शक्य नव्हतं.

तीव्रता मोजायची एक काचेची नळी माझ्याकडे आहे. मी मोजून पाहिलं. चहा मिसळला असता तर तीव्रता उतरली असती. ती लेबलावर छापली होती तेवढीच निघाली. मग मी स्वतःची समजूत घातली. सर्दीनं डोकं जड होतं, रविवारी नीट पाहिलं नसेल. तरीपण भिंगाचा मध्य दाखवायला आम्ही जे बारीक टोकाचं पेन वापरतो ते आणलं आणि बाटलीच्या काचेवर एक रेघ मारून ठेवली. माझ्या धंद्यात केसाएवढा फरकसुद्धा कळतो.

बायको दोन दिवस बोलली नाही. माझा चहा मात्र वेळेवर, बिनसाखरेचा येत होता.

३

एका संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघालो होतो. समोरून दातपाड्या येत होता. हातात कुत्र्याची दोरी. आपण कुत्र्याबरोबर चालतो तसाच तो चालत होता, जरा ओढल्यासारखा, मध्येच थांबत. प्रत्येक खांबापाशी उभा राहायचा, थोडा वेळ इकडेतिकडे बघायचा आणि पुढे निघायचा. दोरीचं दुसरं टोक जमिनीवरून फरफटत होतं.

"काय रे दातपाड्या, बोक्या कुठाय?"

"कोण बोक्या?"

"अरे, तुझा कुत्रा!"

तो हसला. "मी कधी कुत्रा पाळला रे? माझं मला आवरत नाही."

"मग हातात काय आहे?"

त्यानं दोरीकडे पाहिलं. खरोखर पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. "आयला, हे काय घेऊन आलो मी? काहीतरी सवय लागली बघ. निघताना खुंटीवरची काढलीच जाते."

मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. तेवढ्यात मला बोक्या दिसला. थोडं अंतर ठेवून तो मागे उभा होता. खंगलेला, मान खाली. दातपाड्या ज्या खांबांपाशी थांबला होता, तिथे तिथे तो थांबत आला होता.

"अरे, हा काय तुझ्या मागेच आहे!"

"तो होय? भटकं असेल कुठलं तरी. काही दिवस झाले, पायरीवरच बसून असतं. हाड! हाड रे!"

या माणसानं बोक्याला आयुष्यात कधी हाड म्हटलं नव्हतं. बोक्या मागे सरला नाही, नुसता खाली बसला. मी त्याच्याजवळ गेलो, मानेवर हात फिरवला, नाक खुपसलं. माझी सर्दी तोवर बरी झाली होती. रस्त्यावर कुणीतरी कांदा परतत होतं, त्याचा वास मला येत होता. माझ्या हाताला दुकानातल्या काच पुसायच्या पाण्याचा वास येत होता. बोक्याला कसलाच वास नव्हता. एवढं केसाळ जनावर, आणि धुतलेल्या दगडाइतकाही वास नाही.

मी दातपाड्याला म्हटलं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवून ये. तो म्हणाला, तूच डोळे तपासून घे, आणि आमच्या नेहमीच्या पद्धतीनं तो विषय हसण्यावारी गेला. घरी येऊन मी स्वतःला समजावलं. वय झालंय, एकटा राहतो, विसरायला लागला असेल. अशी माणसं आपण पाहतो की. पण कुत्र्याच्या वासाचं काय, हे मी स्वतःला विचारणं बंद केलं.

पुढे काही दिवसांनी बोक्या पायरीवर दिसेनासा झाला. मी आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दातपाड्यानं मला विचारलं, "काय शोधतोयस?"

४

झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, ती बघायला बायकोनं भावाला बोलावलं. त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "ताई, ही ट्रंक हलवावी लागेल. कुठून उचलून आणलीस ही? भंगारवाला दहा रुपये देणार नाही हिचे."

बायकोला वाटलं, चेष्टा करतोय. "नीट बोल. दादांची आहे ती."

"दादांची? दादांकडे कुठे होती ट्रंक?"

"अरे, तू लहानपणी लपून बसायचास हिच्यात! त्या दिवशी तर त्यांच्या कोटाची आठवण काढून डोळे पुसत होतास. मी आतून ऐकलं सगळं!"

"मी? ताई, शप्पथ सांगतो, ही ट्रंक मी आज बघतोय."

त्यानंतर त्या घरात जे भांडण झालं ते मी सांगत नाही. तो कपाळाला हात लावून निघून गेला. बायको ट्रंकेसमोर बसली, झाकण उघडलं आणि डोकं आत घातलं. मग तशीच, वाकलेल्या मानेनं मला म्हणाली, "अहो, वासच गेला हो. दादांचा वासच येत नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. त्या क्षणी मला ती रविवारची सकाळ आठवली. दोघांनी त्या ग्लासात जे ओळखलं होतं आणि मोठ्यानं सांगितलं होतं, नेमकं तेच दोघं विसरले होते. दुसरं काही नाही.

छे, असं कुठे असतं का? एक म्हातारा होत चाललेला दंतवैद्य, एक विसरभोळा मेहुणा, आणि ओलीनं वास उडालेली एक ट्रंक. मी हे सगळं स्वतःला नीट मुद्देसूद समजावलं. मग एका दुपारी दुकानातून आलो तर पांघरुणांची चवड, जी नेहमी ट्रंकेवर असायची, ती जमिनीवर होती. खाली ट्रंक नव्हती. फरशीवर तेवढाच चौकोन स्वच्छ, बाकी रंग उतरलेला.

"त्यानंच नेली असेल, मी बाहेर गेले होते तेव्हा," बायको म्हणाली. "भंगारात घातली असेल मेल्यानं." आणि भावाशी बोलणं टाकलं.

मी कपाटाशी गेलो. व्हिस्की माझ्या रेघेच्या वर चढली होती.

५

त्यानंतरचा रविवार मी रद्द केला. दोघांना सांगितलं, पोट बिघडलंय. बायको शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. घरात मी एकटा, आणि टेबलावर ती बाटली. मला खातरजमा करायची होती. खरं सांगायचं तर मला खातरजमा व्हायला नको होती, पण राहवत नव्हतं.

थोडीशी ओतली. ग्लास फिरवला, काचेवरून ती सावकाश, दाट उतरली. नाक जवळ नेलं.

पहिला बोक्याच आला. भिजलेला, कानामागचा. इतका जवळ, की मी टेबलाखाली पाहिलं. मागोमाग कापूर आला, तंबाखू आली, सासऱ्यांचा कोट आला. ज्याला वास नाही असा कुत्रा मी हुंगला होता, जिला वास नाही अशी ट्रंक मी पाहिली होती. ते सगळं इथे होतं.

आणि त्याखाली आणखी काहीतरी होतं. मी डोळे मिटले. ही माझी नेहमीची सवय, नवीन काही सापडतंय असं वाटलं की मी डोळे मिटतो आणि ओठ आपोआप उघडतात. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री. मशीनचं तेल. बायको दोरा ओवताना चघळते त्या पेपरमिंटच्या गोळ्या. मी ओळखलं, आणि ओळखल्याचा आनंद असा उसळला की शब्द अगदी दातांपर्यंत आला. हा तर...

मी जीभ चावली. खरोखर चावली, रक्त आलं. खुर्ची मागे सरकवून उठलो आणि तोंडावर दोन्ही हात दाबून भिंतीशी उभा राहिलो. वर्षानुवर्षं मीच लावलेली सवय, नाकाला सापडलं की तोंडानं बोलायचं, ती आता माझ्या घशातून वर ढकलत होती. मी मनातल्या मनात पाढे म्हटले. देवाचं नाव घेतलं. हळूहळू ती ऊर्मी ओसरली.

तेवढ्यात दार वाजलं. बायको आत आली. "अहो, तोंडाला काय लागलं? रक्त येतंय!" ती जवळ आली, पदरानं पुसायला लागली, आणि तिच्या अंगाला इस्त्रीचा, तेलाचा, पेपरमिंटचा वास येत होता. अजून येत होता! मी तिला घट्ट धरलं.

"इश्श, हे काय भलतंच," ती म्हणाली. "चढली की काय आज?"

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी बाटलीला बूच लावलं, पिशवीत घातली आणि तडक दुकानात नेऊन कुलुपात ठेवली. घरात ठेवायचीच नाही. सकाळी गटारात ओतून द्यायची, असं ठरवून टाकलं. डोक्यात फक्त ती बाटली होती. हात मात्र आपल्या सवयीनं चालले होते. निघण्याआधी त्यांनी त्या ग्लासावर बशी झाकून तो खिडकीत ठेवला होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

६

सकाळी दुकान उघडलं, शटर अर्धवटच वर केलं. बाटली काढली. ओतण्याआधी एकदा दिव्याखाली धरली, रेघ बघायला.

व्हिस्कीच्या वर, मानेच्या आतल्या बाजूला काच जरा धूसर दिसत होती. मी बाहेरून पुसली. धूसर आतूनच होती. डोळ्याला भिंग लावलं. ओलसर वाफेचा एक छोटासा डाग. तो बारीक होत गेला, जवळजवळ नाहीसा झाला आणि पुन्हा मोठा झाला. परत बारीक. परत मोठा. थंडीत आपण आरशाजवळ तोंड नेलं की जसं होतं तसं. मी श्वास रोखून पाहत राहिलो. मग तो डाग काचेवरच थोडा सरकला, माझ्या हाताच्या दिशेनं, जिथे माझी बोटं बाहेरून टेकली होती तिथे आला, आणि तिथेच थांबला.

मी बाटली खाली ठेवली. ओतायची कशी? गटारात ओतायचं म्हणजे काय काय ओतायचं? मी स्टुलावर बसलो आणि वेड्यासारखा तिला हळू आवाजात म्हणालो, "बस, बोक्या, बस."

फोन वाजला. बायको.

"अहो, ऐकलंत का? चिडणार नसाल तर एक सांगते."

"काय?"

"तुमचा तो कालचा ग्लास खिडकीत होता ना, तो धुवायला घेतला..."

"ठेव तो! आत्ताच्या आत्ता खाली ठेव!"

"फोडला नाही हो! ऐका तर. काल तुम्ही फार उदास होतात. त्या चहाच्या भांडणापासून आपलं धड बोलणंच नाही. म्हटलं, बघावं एकदा यांना त्यात एवढं काय सापडतं. म्हणून हुंगला."

"अगं, बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे!"

पण ती इतकी खुशीत होती की तिला माझं काही ऐकूच जात नव्हतं. "आणि मला सापडलं हो! पहिल्यांदाच! खोकल्याचं औषध नाही काही. अहो, याला तुमचा वास येतोय! दुकानातून आलात की शर्टाला येतो तो, काच पुसायच्या पाण्याचा, आणि मानेला येतो तो. अगदी तुमचाच! बरोबर आहे ना?"

मी फोन कानाशी दाबून बाटलीकडे पाहिलं.

"अहो? चुकलं का माझं?"

तिचा आवाज जरासा पडला. मला ते सहन होईना.

"नाही गं," मी म्हणालो. "बरोबर आहे. अगदी बरोबर ओळखलंस."

७

मी धावत घरी गेलो. काहीच झालं नव्हतं. ती तीच होती, मी तोच होतो. त्या दिवशी मी परत दुकानात गेलोच नाही, तिच्या मागे मागे फिरत राहिलो. ती वैतागली. "आपण पहिल्यांदा कुठे भेटलो सांग," असं विचारलं तर म्हणाली, "डोकं फिरलंय का तुमचं? माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात, पाणी सांडलंत माझ्या साडीवर." मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. दर थोड्या वेळानं ती अहो म्हणायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. आमच्या घरात माझं तेवढंच नाव आहे. तिनं मला दुसऱ्या कशानं हाक मारल्याचं आठवत नाही.

मनगट मात्र मी पुनःपुन्हा हुंगत होतो. साबण लावला, घाम येईपर्यंत जिने चढलो-उतरलो. काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती इस्त्री करत होती. माझा शर्ट तिनं उलटा केला, सुलटा केला, कॉलर पाहिली. "हा कुणाचा आलाय? गिऱ्हाइकाचा दिसत नाही." मी दारात उभा होतो. तिनं वर पाहिलं, क्षणभर नुसतंच पाहिलं, आणि मग कपाळावर हात मारला. "अहो, तुमचाच की! काय झालंय मला आज." ती हसली. मीही हसलो. मग मी दुकानात गेलो, कारण तिच्या नजरेसमोर थांबायची मला भीती वाटायला लागली होती.

दिवसभर गिऱ्हाइकं आली, गेली. सगळे मला ओळखत होते. संध्याकाळी दातपाड्या दोरी हातात घेऊन खांबाशी थांबला होता, त्यानंही लांबून हात केला. "काय रे चष्मेवाल्या, येत्या रविवारी तरी बाटली उघडणार का?" माझ्या मनात आशा जागी झाली. वाटलं, मी भित्रा आहे, दुसरं काही नाही. जिना मी जवळजवळ पळतच चढलो. किल्ली होती, पण घंटा वाजवली. तिनं दार उघडावं असं मला वाटत होतं.

तिनं दार उघडलं.

"अहो," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी चपला काढायला वाकलो.

"अहो, कोण हवंय तुम्हाला?"

मी वाकलेलाच राहिलो. अहो तर सगळ्यांनाच म्हणतात. भाजीवाल्याला म्हणतात, पत्ता विचारणाऱ्याला म्हणतात. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

"बरं वाटत नाही का?" तिचा आवाज मऊ झाला. ती आहेच तशी, दारात आलेल्याला हाकलत नाही. "असे पांढरे का पडलात? पाणी देऊ? नाहीतर चहाच घ्या. आत्ताच केलाय." ती आत पाहून जराशी हसली. टेबलावर दोन कप होते. "दोन कसे ओतले कुणास ठाऊक. मी एकटीच असते. आणि त्यातला एक बिनसाखरेचा केलाय बघा. मी तर साखरेशिवाय पीतच नाही. चालेल का तुम्हाला तसा?"

"चालेल," मी म्हणालो.

तिनं कप आणून दिला. आमच्या उंबऱ्यावर उभं राहून मी तो प्यालो. ती दाराला टेकून उभी होती, इतकी जवळ की इस्त्रीचा वास येत होता. मशीनचं तेल, पेपरमिंट. आयुष्यात माझ्या नाकाला इतकं स्वच्छ काही सापडलं नव्हतं. ओठ आपोआप उघडले.

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "असं काय हुंगताय? कसला वास येतोय का तुम्हाला?"

"नाही हो," मी म्हणालो. "कसलाच नाही."